माफ करा, मला समजलं नाही! बरं, पण काय समजलं नाही ते तरी सांग

माझी आई सांगली जिल्ह्यातल्या विट्याला एकटी राहते. वय ७१. काचबिंदूमुळे एका डोळ्याचं बरंचसं गेलंय, दुसरा रोज थेंब घालून धरून ठेवलाय, त्यामुळे मोबाईलचा स्क्रीन तिच्यासाठी म्हणजे नुसता उजेड. म्हणून दोन दिवाळ्यांमागे मी आणि ताईने मिळून तिला तो बोलणारा डबा, म्हणजे स्मार्ट स्पीकर, आणून दिला आणि फोनवर पण आवाजाने चालणारं जे जे काही आहे ते सगळं सुरू करून दिलं. कुठल्या कंपनीचं ते सोडा, सगळे एकाच माळेचे मणी. पहिले आठ दिवस नुसती मजा, शेजारच्या काकू बघायला यायच्या. नवव्या दिवशी आईचा फोन, "आरं ह्याला काय झालंय बघ की, मगाधरनं नुसतं माफ करा माफ करा करतंय, मी कुठं रागावले त्याला?"

हसलो तेव्हा. नंतर सुट्टीला गेलो आणि दोन दिवस बाजूला बसून ऐकलं तेव्हा हसू बंद झालं. दिवसातनं वीस-पंचवीस वेळा तरी ती माफी येत होती आणि दर वेळी आई तेच वाक्य आधीपेक्षा मोठ्यानं म्हणत होती, कारण तिला वाटत होतं की आवाज कमी पडतोय.

आता कोणी म्हणेल मराठीचा डेटा कमी आहे, जरा दम धरा, येईल. मान्य. खरं सांगायचं तर मशीनला ऐकू येत नाही याचा मला फार राग पण नाही. राग आहे तो ऐकू आलं नाही की ते पुढे काय करतं याचा. ऐकण्यातली चूक ही तंत्राची मर्यादा असेल, पण चुकल्यावर काय बोलायचं ते वाक्य कुणीतरी ऑफिसात बसून लिहिलेलं असतं, मीटिंगमधे पास केलेलं असतं, आणि ते बदलायला काही लाखो तासांचं रेकॉर्डिंग लागत नाही. इच्छा लागते. मला भांडायचंय ते ह्यावर.

मराठी हे सोपं गिऱ्हाईक नाही, हे आधी कबूल करून टाकू. एक "लाव" घ्या. गाणं लाव, फोन लाव, अलार्म लाव, भात लाव, हळद लाव, झाड लाव. दिवा लावला की चालू होतो आणि दार लावलं की बंद होतं, क्रियापद तेच. दिवा विझवायचा तर कोणी "बंद कर" म्हणतं, कोणी "मालव", आमच्याकडे "लाईट घालव". वेळेचं बघा, पावणेसात, सव्वासात, साडेसात इथपर्यंत ठीक, पण साडेएक आणि साडेदोन नसतात, तिथे दीड आणि अडीच. हिंदीवाल्यांना "कल" म्हणजे काल की उद्या असा घोळ असतो, आपण काल-उद्या वेगळे ठेवलेत पण "परवा" मात्र दोन्हीकडे चालवतो. त्यात नामाला प्रत्यय लागला की नाम स्वतःच बदलतं, विटा म्हटलं की गाव आणि विट्यात म्हटलं की मशीनला वाटतं हे काहीतरी नवीनच. आमच्या डब्याला मराठी येत नाही, हिंदी येतं, तर "विट्यात पाऊस हाय का" विचारल्यावर त्याने एकदा व्हिटॅमिनबद्दल माहिती दिली होती. चाकातला च आणि चहातला च वेगळा, पण लिहायला अक्षर एकच, म्हणजे वाचून दाखवताना पण पंचाईत. आणि ळ बद्दल तर बोलायलाच नको, ह्या मशीनमधल्या बायकांनी सगळ्या तळेगावांचं तलेगाव करून टाकलंय.

तरी काही झालंच नाही असं पण नाही. गूगलने आवाजाने टाईप करायची सोय मराठीत २०१७ ला दिली, २०१८ मधे त्यांचा असिस्टंट मराठी बोलायला लागला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राच्या कॅबिनेटने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि योगायोग म्हणजे त्याच दिवशी गूगलने जेमिनी लाईव्ह, म्हणजे त्यांचं तोंडी गप्पा मारणारं एआय, हिंदीत आणि पाठोपाठ मराठीसकट आणखी आठ भारतीय भाषांत आणणार असं जाहीर केलं. अभिजात झालो त्याच दिवशी मशीनने पण दखल घेतली म्हणायची. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती, तेव्हा हे काही उपकार नाहीत, बाजार आहे, पण चला, झालं ते चांगलंच झालं.

आता मूळ मुद्दा. माणसाला पण ऐकू येत नाही हो. २०१५ मधे काही भाषाशास्त्रज्ञांनी जगभरातल्या बारा भाषांमधल्या घरगुती गप्पा रेकॉर्ड करून तपासल्या, तर साधारण दर १.४ मिनिटाला म्हणजे दीड मिनिटाच्या आतच कोणीतरी कोणालातरी "काय?" करून अडवतं. म्हणजे न समजणं हा अपवाद नाहीच, तो गप्पांचाच भाग आहे. पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. अडवणारा माणूस जेवढं नेमकं विचारता येईल तेवढं नेमकं विचारतो. सगळंच गेलं असेल तरच नुसतं "आँ?". नाव तेवढं गेलं असेल तर "कोण म्हणालास?". बहुतेक कळलंय पण खात्री नाही तर "म्हणजे मंगळवारी ना?". बाराच्या बारा भाषांत हेच. समोरच्याला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून आपण आपल्याला काय कळलं ते त्याला परत देतो आणि फक्त भोक पडलंय तेवढंच बुजवायला सांगतो.

एसटीतला कंडक्टर आठवा. इंजिनचा आवाज, खिडक्यांचा खडखडाट, मागे पोरगं रडतंय, आणि म्हातारी पुटपुटते, "दोन तास..." कंडक्टर म्हणतो, "तासगाव ना? दोन फुल का एक हाफ?" संपलं. त्याने "तास" पकडलं, गावाचा अंदाज बांधला, अंदाज बोलून दाखवला, आणि जे खरंच कळलं नाही तेवढंच विचारलं. तो कधी म्हणतो का, "माफ करा, मला समजलं नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा"? म्हटला तर गाडी स्टँडातनं बाहेर पडायची नाही.

आणि इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आहे. मशीनला काय कळलं आणि काय नाही हे मशीनला माहिती असतं. मी आयटीत आहे, ह्या विषयातला तज्ज्ञ नाही पण एवढं सांगू शकतो की आवाजाचं अक्षरात रूपांतर करणाऱ्या बऱ्याच सिस्टीम शब्दागणिक एक आकडा देऊ शकतात, ह्या शब्दाची किती खात्री आहे त्याचा. एकच वाक्य नाही, दोनचार शक्यतांची यादी पण निघू शकते. म्हणजे "सकाळी" आणि "अलार्म लाव" पक्कं ऐकू आलं पण मधलं "पावणेसहा" अंधुक आहे हे आत कुठेतरी लिहिलेलं असू शकतं. मग बाहेर बोलताना "सकाळी किती वाजताचा?" एवढंच का नाही विचारायचं? आत एवढी माहिती असू शकते आणि बाहेर येते ती सरसकट माफी. हे म्हणजे परीक्षेत नऊ प्रश्न सोडवून दहावा येत नाही म्हणून कोरा पेपर देणं झालं.

कारण काय असावं? माझा अंदाज सांगतो. प्रश्न विचारला की मशीनची फजिती दिसते, "पावणेसहा" सुद्धा कळलं नाही हे उघडं पडतं, तर माफी गुळगुळीत असते, तिच्यात चूक कुणाची हे कळत नाही आणि बोलणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आईला तसंच वाटायचं.

बोलण्याच्या मधल्या गॅपचं पण असंच आहे. २००९ च्या एका अभ्यासात दहा भाषा मोजल्या होत्या, एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा सरासरी २०० मिलिसेकंदात म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उत्तर द्यायला सुरू करतो. मशीनला हे जमवायचं असतं म्हणून जरा शांतता झाली की ते धरून चालतं की तुमचं झालं. पण माणूस नुसती शांतता मोजत नाही, वाक्य अर्धवट आहे की पूर्ण हे त्याला सुरावरून आणि शब्दावरून कळतं. आई म्हणते, "ते हे लाव की... काय त्याचं... कालचं ते भजन." ह्यात दोन वेळा ती थांबते आणि दोन्ही वेळा डबा मधेच तोंड घालतो, पहिल्यांदा माफी मागून आणि दुसऱ्यांदा भलतंच गाणं लावून. किती वेळ थांबायचं हा नुसता एक सेटिंगचा आकडा आहे. ॲपलने २०२२ मधे आयओएस १६ सोबत सिरीने किती वेळ वाट बघायची ते वाढवायची सोय दिली, पण ती दिली सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांसाठीच्या सोयींच्या, पानावर आत कुठेतरी, आणि मुळात ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याने तिथपर्यंत जायचं कसं हा प्रश्न आहेच. पण सोय देता येते हे तर सिद्ध झालं ना. मग ज्या घरात सत्तरीचं माणूस एकटं आहे तिथे पहिल्याच दिवशी "मी थोडं जास्त थांबू का?" असं स्वतःहून विचारायला काय हरकत आहे?

वागणूक सुधारता येते याचं मला आवडतं उदाहरण म्हणजे ॲमेझॉनच्या बोलक्या डब्यातल्या अलेक्साचं हसणं. २०१८ च्या मार्चमधे अमेरिकेत लोकांच्या घरात अलेक्सा आपोआप हसायला लागली, काही लोक रात्री जाम घाबरले. ॲमेझॉनने सांगितलं की तिला "अलेक्सा, लाफ" असं चुकून ऐकू येतंय. त्यांनी केलं काय तर हसायची आज्ञा जरा लांब केली, म्हणजे तेवढं चुकून ऐकू यायला नको, आणि तिला आधी "हो, मी हसू शकते" असं बोलून मग हसायला लावलं. बघा म्हणजे. कान काही एका रात्रीत चांगले झाले नाहीत, फक्त तिने आपल्याला काय ऐकू आलं ते आधी सांगायला सुरुवात केली आणि भुताटकी संपली! एवढंच तर मी मागतोय.

बोलावल्यावर न ऐकणारं मशीन न बोलावता मात्र ऐकतं हा त्यातला आणखी एक विनोद. सिरी चुकून जागी होऊन लोकांचं खासगी बोलणं रेकॉर्ड करते या खटल्यात ॲपलने २०२५ च्या सुरुवातीला साडेनऊ कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवली, आरोप मान्य न करता. हा वेगळाच मोठा विषय आहे, त्यात शिरत नाही.

दुसरी गोष्ट, कुणाचं ऐकू येतं आणि कुणाचं नाही. २०२० मधे स्टॅनफर्डच्या लोकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट अशा पाच कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी १०० शब्दांमागे १९ चुका आणि काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. भाषा इंग्रजीच, देश तोच. मग विट्याच्या आईच्या "मगाधरनं" आणि "कंच्या" ची काय अवस्था असेल याची कल्पना करा, किंवा मालवणी बोलणाऱ्याची, वऱ्हाडीतल्या "कायले" ची, अहिराणीची तर लांबच राहिली. मराठी सपोर्ट आहे असं लिहिलेलं असतं तेव्हा कुणाची मराठी हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि ह्याचा परिणाम असा होतो की माणूस बदलतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. चार महिन्यांनी गेलो तर आई डब्याशी बोलताना एकदम ताठ बसली, घसा साफ केला आणि आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तशी म्हणाली, "भक्ती, गीत, सुरू, करो." हिंदीत. माझी आई, जिने आयुष्यात भाजीवाल्याशी सुद्धा हिंदी बोललेली नाही. गाणं लागलं. ती माझ्याकडे बघून हसली, जमलं बघ मला, असं. भाचा खो खो हसत होता. मला मात्र काही सुचेना. म्हणजे यंत्र तिची भाषा शिकणार होतं ना? तिनेच यंत्राची शिकली. आणि वर तिला त्याचा अभिमान. तंत्रज्ञान सगळ्यांसाठी वगैरे आपण म्हणतो तेव्हा वाकायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं बहुतेक.

गाण्याचं ठीक आहे. लागलं लागलं, नाही लागलं नाही. पण आता हे सगळं बँकेत, इन्शुरन्समधे, गॅस बुकिंगमधे, हॉस्पिटलच्या नंबर लावण्यात घुसतंय आणि म्हणून हा घरातल्या खेळण्याचा विषय राहिलेला नाही. एका बँकेत, नाव घेत नाही, आईची फॅमिली पेन्शन येते. पूर्वी फोन केला की मराठीसाठी दोन दाबा, मग चार दाबा, मग वाट बघा, वैताग होता पण शेवटी एक पोरगी यायची आणि "बोला काकू" म्हणायची. आता आकडे गेले. आता एक गोड आवाज म्हणतो, "तुमची विनंती थोडक्यात सांगा." आई म्हणाली, "माझी पेन्शन पडली का तेवढं बघायचं होतं." आपल्याकडे पैसे खात्यात पडतात, जमा-बिमा पासबुकात. त्याने ऐकलं पर्सनल लोन. आणि तुम्हाला सांगतो, इथे मात्र माफी नाही, खात्री-बित्री काही नाही, डायरेक्ट व्याजदर सांगायला सुरुवात! आई मधे मधे "न्हाय, न्हाय, पेन्शन, पेन्शन" करतेय आणि तो थांबायचं नाव घेत नाही. तिसऱ्यांदा "माफ करा, मला समजलं नाही, नंतर पुन्हा कॉल करा" आणि फोन कट. तिने मला फोन केला तेव्हा रडकुंडीला आली होती, "मी कर्ज नाही ना रं घेतलं चुकून?"

गेलो तेव्हा शाखेत तिला घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठली पडली का बघायची मावशी, तुमची स्वतःची का काकांची फॅमिली पेन्शन?" तीन सेकंद लागले त्यांना. आईचं वाक्य त्यांना पण अर्धवटच कळलं होतं की. पण राहिलेल्या अर्ध्याचा त्यांनी प्रश्न केला.

हेच सगळीकडे. माणूस म्हणतो लाईट गेलीय, एकच फेज आहे, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आवाज होतोय. फोनवर बोलणाऱ्या मशीनच्या, म्हणजे बॉटच्या, यादीत असतं "वीजपुरवठा खंडित". शेतकरी म्हणतो डाळिंबावर तेल्या आलाय, यादीत असणार "जिवाणूजन्य करपा". ही यादी बनवणाऱ्याने एक दिवस जरी एखाद्या वायरमनच्या मागे मोटरसायकलवर फिरून काढला असता तर निम्मे शब्द आपोआप आले असते.

आता नवी पिढी आलीय, एआयवाली. ॲमेझॉनने २०२५ च्या फेब्रुवारीत अलेक्सा प्लस काढलं, गूगल जुना असिस्टंट बाजूला सारून जेमिनी आणतंय. ह्यांना मराठी खरंच पुष्कळ बरी कळते, मी चकित झालो. पण ह्यांची खोड उलटी. हे कधी म्हणतच नाहीत की समजलं नाही. आईने विचारलं, "परवा आवस हाय का?" अर्ध्या मिनिटाचं प्रवचन आलं, अमावास्येचं महत्त्व, पितरांचं स्मरण, दीप लावावा, आणि तारीख मात्र चुकीची. आधीचा निदान माफी मागून गप्प बसायचा. कुठलंही उत्तर देऊन मोकळं व्हायची सवय किती महाग पडू शकते ते जुन्या पिढीतच दिसलं होतं, २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एका दहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडे काहीतरी चॅलेंज मागितलं तर तिने इंटरनेटवरून उचलून सांगितलं की चार्जर अर्धा प्लगमधे घाल आणि उघड्या पिनांना नाणं लाव. त्या मुलीची आई शेजारीच होती म्हणून वाचलं, कंपनीने मग ते दुरुस्त केलं. माफी मागत सुटणारा आणि फेकत सुटणारा, दोघांनाही एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे उलटा प्रश्न विचारणं.

जाता जाता, ही "माफ करा" आली कुठून? मराठीत कोण कुणाला दिवसातनं वीस वेळा माफी मागतो? आपण म्हणतो "थांबा थांबा, परत सांगा", "आवाज येत नाहीये", "कुठलं?". "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट" चं भाषांतर आहे ते, उचललं आणि चिकटवलं. आपली नम्रता क्रियापदात असते, "लावशील का", "लाव की", "सांगाल का जरा", त्याला कृपया लागत नाही. कृपया म्हटलं की स्टेशनवरची अनाउन्समेंट वाटते. आणि आवाज बहुतेक वेळा बाईचाच, शिव्या खाऊन गोड बोलणारा, यावर युनेस्कोने २०१९ मधेच अहवाल काढून झालाय, तेव्हा ते मी नव्याने काय सांगणार. आई तिला "अगं बाई" म्हणते आणि भाचा "ए" म्हणतो.

माझ्या मित्राने, जो ह्याच धंद्यात आहे, माझ्याशी वाद घातला. तो म्हणाला प्रत्येक वेळी उलटे प्रश्न विचारले तर लोक वैतागतील, दिवा लावायला सांगितलं तर "तुम्हाला दिवा लावायचा आहे का?" असं विचारणाऱ्या डब्याला लोक भिंतीवर आपटतील. बरोबर आहे त्याचं. मला पण प्रत्येक ओटीपीनंतर "तुम्हाला खात्री आहे का" विचारणाऱ्या ॲपचा संताप येतो. पण मी सगळीकडे विचार असं म्हणतच नाहीये. दिवा चुकीचा लागला तर बंद करता येतो, तिथे खुशाल अंदाज मार. पैसे, औषध, तक्रार, अपॉइंटमेंट, तिथे खात्री नसेल तर थांब आणि जेवढं कळलं नाही तेवढंच विचार. कंडक्टर पण सुट्टे पैसे मोजताना थांबतोच की. त्याचा दुसरा मुद्दा खर्चाचा, की कॉल सेंटरला माणसं ठेवायला परवडत नाहीत. तेही खरं असेल. पण मग वाचलेला तो खर्च माझ्या आईच्या वेळातून आणि अब्रूतून वसूल होतोय हे पण हिशोबात धरा.

आणि ही मागणी काही हवेतली नाही. मोबाईल कंपन्यांसाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचारावर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मधेच नियम केलेत, तक्रारीच्या आयव्हीआरमधे (ते फोनवर आकडे दाबायचं प्रकरण) पहिल्या पायरीला भाषा निवडायला मिळाली पाहिजे आणि तिसऱ्या पायरीपर्यंत माणसाशी बोलायचा पर्याय आला पाहिजे. आकडे दाबायच्या जमान्यात जे सुचलं ते बोलायच्या जमान्यात का सुचू नये? जिथे जिथे लोकांचे पैसे आणि हक्क आहेत तिथल्या बोलक्या बॉटला तीन गोष्टी सक्तीच्या करा. तुला काय ऐकू आलं ते बोलून दाखव. दोनदा चुकलास तर स्वतःहून माणसाकडे दे. आणि समजलं नाही म्हणून फोन कापायचा नाही, कधीच नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीसकट २२ भाषांत, आणि फोन उचलायला शेतीतला शिकलेला माणूस बसवलेला. तेल्या आलाय म्हटलं तर तो पानावर का फळावर हे विचारू शकतो. त्याच्या जागी कधी बॉट आणायचा विचार कुणाच्या डोक्यात असेलच तर आधी त्याला हा प्रश्न विचारता येतो का ते बघा आणि मग आणा.

आईने मात्र नियमांची वाट बघितलेली नाही. मागच्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की बँकेचा तो गोड आवाज बोलायला लागला की आपण काही बोलायचंच नाही. ती गप्प बसते. तो एकदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा "तुमचा आवाज येत नाही, प्रतिनिधीला जोडत आहोत" म्हणतो आणि वाजायला लागतो. मग पोरगी येते, "बोला काकू". भिशीतल्या सगळ्या बायकांना तिने हे शिकवलंय. फोन कानाला लावायचा, तोंडाला पदर लावायचा आणि माणूस येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.